निळ्या कागदाची रात्र

रंगमंचावर रात्र करायची असेल तर दिवे मंद करून भागत नाही. उलट हाताशी असतील तेवढे सगळे पूर्ण पेटवावे लागतात, ही गोष्ट मी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, १९८५ सालच्या पावसाळ्यात, सांगलीत शिकलो. शिकवणारे अण्णा दिवसभर लोकांच्या घरांतली वायरिंगची कामे करीत आणि संध्याकाळी गावातल्या हौशी नाट्यमंडळींचे लाइट बघत. 'प्रकाशयोजना' हा शब्द तेव्हा आमच्याकडे कार्यक्रमपत्रिकेत छापण्यापुरता होता. एरवी सगळे 'लाइट' म्हणत आणि ते करणाऱ्याला 'लाइटवाला'. आमच्या नाटकाच्या दुसऱ्या अंकात अंगणातली रात्र होती. मी मोठ्या उत्साहाने निळे कागद लावलेल्या दोन स्पॉटचे डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची साधने, निम्म्यावर आणले आणि रात्र होण्याची वाट पाहत बसलो. रात्र झाली नाही. रंगमंचावर एक मळकट, करडा उजेड पडला आणि त्यात उभी असलेली मंडळी नुकतीच आजारातून उठल्यासारखी दिसू लागली. अण्णा पाठीमागून म्हणाले, "अरे, रात्र काय फुकट होते होय? पेटव सगळे पूर्ण."

त्या वाक्यामागचे शास्त्र मला पुढे हळूहळू उलगडले. साध्या किंवा हॅलोजन दिव्यात एक तार तापते आणि तापलेली तार तांबडा-पिवळा उजेड भरपूर देते, निळा मात्र अगदी हात राखून देते. पूर्ण दाबाने पेटलेल्या रंगमंचीय हॅलोजन दिव्याच्या उजेडाचे रंगतापमान, म्हणजे उजेड किती तांबूस की किती निळसर याचे माप, साधारण ३२०० केल्विन असते. डिमर खाली आणला की तार थंडावते, उजेड तांबूस होत जातो आणि त्यात मुळातच कमी असलेला निळा भाग सर्वांत आधी निघून जातो. त्यातून निळा कागद दिव्याला रंग देतो हा आपला समजच चुकीचा आहे. तो काहीच देत नाही, तो निळ्याखेरीज बाकीचे सगळे अडवतो. म्हणजे ज्या घरात निळे जेमतेम पसाभर आहे, त्या घराच्या दारावर निळ्याशिवाय कोणालाही बाहेर न सोडणारा पहारेकरी बसवायचा, असा हा प्रकार असतो. गडद निळ्या कागदातून शंभरातले एका हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच भाग पलीकडे जातात. उरलेल्या उजेडाची कागदातच उष्णता होते. हजार वॅट जाळून अंगणात चमचाभर चांदणे पडते. दिवस करायला दोन दिवे पुरत, रात्र करायला आठ लागत, आणि म्हणून अण्णा नाटकाची संहिता हातात आली की पहिल्यांदा तिच्यात रात्री किती आहेत ते मोजत. दोनाहून जास्त असतील तर भाड्याचा हिशेब वेगळा असे.

त्या कागदाला आम्ही 'जिलेटिन' म्हणत असू. आजही दिवाळीच्या आधी स्टेशनरीच्या दुकानात आकाशकंदिलासाठी जो रंगीत पारदर्शक कागद मागितला जातो तो 'जिलेटिन पेपर' याच नावाने मिळतो, त्यात जिलेटिनचा कण नसला तरी. नाव मात्र उगाच पडलेले नाही. रंगभूमीवर वीज आली त्या काळापासून पुढे बरीच वर्षे दिव्यांपुढचे रंगीत पान खरोखरच जिलेटिनचे असे. जनावरांची हाडे आणि कातडी उकळून काढलेला तो पदार्थ रंगद्रव्य मिसळून पातळ ओतायचा आणि वाळवून त्याची पाने सोडवायची. इंग्रजी रंगभूमीवर त्याचे तोडून 'जेल' झाले आणि प्लॅस्टिकचा जमाना आला तरी ते नाव तसेच राहिले. अण्णांनी उमेदवारीच्या दिवसांत अशी खरी जिलेटिनची पाने हाताळली होती. ते सांगत, की उन्हाळ्यात ती वाळवणातल्या पापडासारखी तडकत आणि पावसाळ्यात लोळागोळा होऊन चौकटीतून खाली लोंबत. घामट हाताने धरली तर बोटांचे ठसे उठत आणि पाण्याचा थेंब पडला तर तिथे भोकच पडे. गळक्या छपराच्या थिएटरात पावसाळी प्रयोग लागला की दिव्यांआधी जिलेटिनवर छत्री धरावी लागे, हे ते हसत सांगत, पण मला ते अजिबात अतिशयोक्त वाटले नाही.

मी आलो तेव्हा त्यांच्याकडे बहुतेक कागद सेल्युलोज ॲसिटेटचे होते. ब्रिटनमधल्या स्ट्रँड कंपनीने या प्रकाराला 'सिनेमॉइड' नाव दिले होते आणि प्रत्येक रंगाला एक नंबर. तीन म्हणजे गवती पिवळा, सहा म्हणजे शुद्ध लाल, सतरा म्हणजे पोलादी निळा, अठरा त्याहून ठसठशीत, एकोणीस आणि वीस गडद निळे, छत्तीस फिका जांभळा, बावन्न फिका सोनेरी. पुढे पॉलिएस्टरची पाने बनवणाऱ्या ली कंपनीने हेच नंबर शंभर मिळवून चालू ठेवले, त्यामुळे आजच्या मुलांच्या तोंडी असलेला 'एकशे वीस' म्हणजे आमचा जुना 'वीस'च होय. अण्णांना हे नंबर पाठ होते, पण ते स्वतः रंगांना नंबरांनी क्वचितच हाक मारीत. त्यांनी सगळे कागद एका जुन्या खतावणीच्या पानांमध्ये दाबून ठेवले होते आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यावर बॉलपेनने त्याचे काम लिहिलेले असे: 'पहाट', 'कोर्ट', 'सासरची संध्याकाळ', 'दवाखाना', एका हिरवट तुकड्यावर 'मेलेला माणूस'. कुणा व्यापाऱ्याच्या नावे-जमेच्या रकान्यांवर पहाट आणि संध्याकाळ निजलेली असायची. ती खतावणी उघडताना ते आधी हात पंचाला पुसत, मग पंख्याचे बटन बंद करत आणि मगच पान उलटत.

बाहेरून आलेला कागद महाग असे आणि आमच्यापर्यंत पोचेपर्यंत बहुधा कुणाच्या तरी हातचा उरलेला असे. पान अख्खे लावायची ऐपत नव्हती. अण्णा दोन-तीन तुकडे किंचित एकावर एक घेऊन बारीक तारेने शिवत. झोताच्या मधोमध अख्खा तुकडा येईल आणि जोड कडेला राहतील अशा बेताने. चौकटी तेलाच्या डब्याच्या पत्र्याच्या, कात्रीने कापून दुमडलेल्या. निळा कागद चौकटीत घालण्याआधी ते एक काम करीत, ज्याचा अर्थ मी प्रथम पाहिला तेव्हा मला कळला नाही. लाकडी पाटावर कागद अंथरून ते टाचणीने त्याला ओळीने बारीक भोके पाडत, आमच्या आज्या शंकरपाळ्यांच्या पोळीवर कातणे फिरवत तशा एकाग्रतेने. भोकांतून गरम हवा निसटते, कागद कमी तापतो आणि एक प्रयोग जास्त जगतो. तेवढ्याशा भोकांतून सांडलेला पांढरा उजेड प्रेक्षकांतून ओळखू येत नाही. परदेशांत हेच काम करायला दातेरी चाकाचे हत्यार वापरतात, हे मी नंतर वाचले.

एवढे करूनही निळा जळायचाच. लाल कागद वर्षभर टिके, कारण तापलेल्या तारेला मुळात जे द्यायचे असते तेच तो सोडतो आणि त्याच्या पदरी अडवण्याचे काम कमी येते. निळा आणि गडद हिरवा सगळे अंगावर घेतात. आधी कागदाचा मधला भाग फिका पडे, मग तिथे फुगवटा येई, मग तपकिरी कडा असलेले एक भोक. जळत्या कागदाचा वास पहिल्या रांगेपर्यंत पोचायचा. एका प्रयोगात नायकाच्या "काय ही शांत रात्र" या वाक्याला डोक्यावरच्या निळ्याने चरचर आवाज करून साथ दिली होती आणि नायिकेने प्रसंगावधान राखून "शेजारी काहीतरी करपलंय वाटतं" असे म्हणून टाळी घेतली होती.

इथे थोडे मागे जायला हवे, कारण उजेडाला रंग असावा ही कल्पना आपल्या रंगभूमीवर काही फार जुनी नाही. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत १८४३ साली 'सीतास्वयंवर' केले तेव्हा विजेचा प्रश्नच नव्हता, आणि संगीत नाटक कंपन्यांच्या भरभराटीच्या काळातही अनेक गावांत प्रयोग किटसनच्या बत्त्यांवर चालत. घासलेटच्या वाफेवर जाळीचा मॅन्टल पेटवणारी ती बत्ती भगभगीत पांढरी जळे, फुरफुरे, आणि तिला मंद होणे माहीत नव्हते. अशा उजेडात रंग ठेवायचा कुठे? तो पडद्यावर ठेवला गेला. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी चित्रपटाकडे वळण्याआधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवून नाव मिळवले होते. राजवाडा, अरण्य, रस्ता, आणि रात्र हवी असेल तर चंद्र काढलेला पडदा. तो खाली सोडला की रात्र झाली, मग पुढे बत्ती कितीही भगभगत असो. प्रेक्षकांना यात काही खटकत नसे आणि खटकण्यासारखे काही नव्हतेही. पुढे १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' या नाट्यसंस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आणले, रंगवलेल्या पडद्यांच्या जागी तीन भिंतींचा दिवाणखाना उभा राहिला, आणि त्याच्या खिडकीबाहेर दिवस आहे की रात्र हे सांगण्याची जबाबदारी चित्रकाराकडून हळूहळू लाइटवाल्याकडे आली. रंग कापडावरून उठला आणि उजेडात शिरला, असे मी याचे वर्णन करीन. त्या स्थलांतरात कापड कोरे झाले, आणि त्या कोऱ्या कापडाचे नाव सायक्लोरामा.

आमचा सायक्लोरामा मांजरपाटाचा होता. नाव घेताना उगाच भारदस्त वाटते, प्रत्यक्षात चार पन्हे आडवे जोडून शिवलेला आणि धुऊन धुऊन दुधाळ झालेला तो एक मोठा पडदा होता, ज्याला आम्ही लाडाने 'सायक' म्हणत असू. त्याच्यावर उजेड टाकण्याची अण्णांची सामग्री म्हणजे पंधरा किलोच्या तेलाच्या डब्यांतून बनवलेले फ्लड, म्हणजे उजेड रुंद पसरवणारे दिवे, होते. डब्याची एक बाजू कापून काढायची, आतून चकचकीत पत्रा तसाच ठेवायचा, तळाला होल्डर ठोकून दोनशे वॅटचा बल्ब बसवायचा आणि तोंडावर कागदाची चौकट सरकवण्यासाठी पत्र्याच्या दोन पट्ट्या डागायच्या. असे बारा डबे वरच्या बांबूला आणि आठ खाली जमिनीवर, बुटक्या फळीच्या आड लपवलेले. तिसरा डबा प्रत्येक वेळी निळा, दुसरा लाल, पहिला हिरवा, आणि एका रंगाच्या सगळ्या डब्यांची मिळून एक वायर. कागद एकावर एक ठेवले तर उजेड कमी कमी होत काळोखाकडे जातो, पण वेगवेगळ्या दिव्यांतले रंग पांढऱ्या कापडावर येऊन मिळाले तर उजेड वाढत वाढत पांढऱ्याकडे जातो, हा फरक मला शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकाने पाठ करायला लावला होता आणि त्या वीस डब्यांनी दाखवला. लाल आणि हिरवा मिळून पिवळे ऊन होते, यावर माझा तोपर्यंत मनातून विश्वासच नव्हता.

पहाट करायची पद्धत अशी. वरचे निळे डबे आधीपासून पूर्ण असतात. खालच्या फळीआडचे लाल डबे इतक्या हळू वर आणायचे की प्रेक्षकाला बदल दिसू नये, फक्त झालेला कळावा. दिवा मंद असताना तार तांबूसच असते, म्हणून पहाटेचा पहिला तांबडा कागदाच्या आणि तारेच्या संगनमताने आपोआप फार सुरेख पडतो. मग खालचे हिरवे हळूच मिसळायचे, तांबड्याचे केशरी होते, केशरीचे पिवळे, आणि तेवढ्यात वरच्या निळ्याने पाय काढता घ्यायचा. एकच अडचण होती. खालून तिरका उजेड आला की मांजरपाटाच्या सगळ्या सुरकुत्या आणि जोडाच्या शिवणी उठून दिसत. मी त्या पडद्याला इस्त्री करावी असे सुचवले तेव्हा अण्णांनी नुसते माझ्याकडे पाहिले. मग त्यांनी खालच्या डब्यांचे तोंड बोटभर खाली झुकवले, उजेड बरोबर सर्वांत खालच्या शिवणीपाशी विरू लागला, आणि ती आडवी शिवण एकदम दूरवरचे क्षितिज झाली. पुढच्या सगळ्या नाटकांत आमचे क्षितिज त्या शिवणीवरच उगवले.

डिमर ही गोष्ट आम्हाला उशिरा आणि तुटपुंजी मिळाली. अण्णांच्या गोदामात चिनीमातीचे दोन जाड पाइप भिंतीशी उभे होते, सांडपाण्याला वापरतात तसले, तळ बंद केलेले. ते मिठाच्या पाण्याचे डिमर होते. पाइपात मीठ घातलेले पाणी, तळाशी एक धातूची पट्टी, वरून दोरीने सोडायची दुसरी पट्टी, आणि दिव्याकडे जाणारी वीज त्या पाण्यातून. पट्ट्या एकमेकींपासून लांब असल्या की पाण्याचा अडथळा जास्त, दिवा मिणमिणता. वरची पट्टी खाली सोडत नेली की दिवा वाढतो. अंक लांबला तर पाणी उकळायला लागे आणि विंगेतून वाफ बाहेर येई. अण्णांनी ते मला चालवून दाखवले नाहीत. त्यांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना संवेदना नव्हती आणि ती कशाने गेली हे मी विचारले नाही, पण त्या पाइपांना मात्र त्यांनी मला कधी हात लावू दिला नाही.

आमच्या काळात तारेच्या वेटोळ्यांचे रेझिस्टन्स डिमर होते, पुढे एक-दोन डिमरस्टॅट आले. रेझिस्टन्स डिमरची खोड अशी, की तो जेवढ्या वॅटसाठी बनवला आहे तेवढा भार त्याला दिला नाही तर तो दिवा पुरता विझवतच नाही. हजार वॅटच्या डिमरवर पाचशेचा एकच दिवा लावला तर मूठ तळाला नेली तरी तार लालसर धुगधुगत राहते, आणि नेमक्या मृत्यूच्या प्रसंगी संपूर्ण अंधाराऐवजी रंगमंचावर एक निखारा दिसतो. त्यावर उपाय म्हणून मागे विंगेत, डब्याने झाकलेला आणखी एक दिवा त्याच वायरीवर जोडून ठेवायचा. त्याचा नाटकाशी काही संबंध नसे, तो नुसता भार म्हणून जळे. जानेवारीतल्या प्रयोगांना पहिल्या अंकात काम नसलेले नट त्या डब्याभोवती शेकत बसत.

हे सगळे सांगताना ते दिवस फार रम्य होते असा सूर लागतो आहे, तो मला स्वतःलाच मान्य नाही. बऱ्याच वेळा आमचे लाइट वाईट असत. त्यातला एक प्रसंग मी जन्मभर विसरणार नाही, कारण दोष सर्वस्वी माझा होता. राज्य नाट्य स्पर्धेच्या एका केंद्रावर आमचा प्रयोग होता. तिसऱ्या अंकात नवरा-बायकोचे कडाक्याचे भांडण होते आणि मला वाटले, की भांडण म्हणजे राग आणि राग म्हणजे लाल. अण्णा त्या दिवशी तापाने घरी होते. मी कुणाला न विचारता पुढच्या सगळ्या स्पॉटना सहा नंबर लावला आणि भांडण रंगात आल्यावर पांढरे खाली घेऊन लाल पूर्ण वर नेले. नायिकेची हिरवीगार साडी क्षणात काळी झाली, कारण हिरव्या कापडाला परत फेकण्यासाठी त्या उजेडात हिरवे उरलेच नव्हते. त्याहून भयंकर म्हणजे तिच्या कपाळावरचे कुंकू नाहीसे झाले. लाल उजेडात गोरे-सावळे सगळे कपाळच लाल होते, मग लाल कुंकू त्यात वेगळे दिसणार कशाने? काळी साडी, कोरे कपाळ, आणि समोर नवरा धडधाकट उभा राहून तावातावाने बोलतो आहे. तिसऱ्या रांगेतून एका बाईंचा आवाज स्पष्ट आला, "अगंबाई, हिचं कुंकू कुठं गेलं?" आणि सगळे सभागृह हसले. नायिकेला कशाला हसतात ते कळेना. ती आमच्यात सर्वांत गुणी नटी होती आणि त्या वर्षी तिला बक्षीस मिळाले नाही.

मी हे अण्णांना सांगायला गेलो तेव्हा ते गोधडीत बसून पेज पीत होते. मला बोलणी बसतील या तयारीने गेलो होतो. त्यांनी सगळे ऐकून घेतले, पेज संपवली आणि विचारले, "कुंकू एकदम गेलं की हळूहळू?" मी म्हणालो, एकदम गेले. ते म्हणाले, "मग हळूहळू घालवून बघायला पाहिजे." पुढच्या वर्षीच्या नाटकात एका प्रसंगी तार येते. बाई तार हातात घेऊन उभी राहते, तिला वाचता येत नाही आणि वाचून दाखवणारे घरात कोणी नाही. अण्णांनी खिडकीतून मावळतीचे ऊन आणले होते. त्यांनी समोरचा पांढरा जवळजवळ दोन मिनिटे घेऊन खाली नेला आणि खिडकीतला लाल तेवढ्याच वेळात वर. बाईने कपाळाला हात लावला नाही, ती जागची हलली नाही. तिच्या कपाळावरचे कुंकू सभागृहादेखत विरत गेले. या वेळी कोणी हसले नाही. मी डिमरवर बसलो होतो आणि माझ्या हातांनीच ते होत होते, तरी मला शेवटी शेवटी तिकडे पाहवेना.

असल्या गोष्टी शिकवायला तेव्हा आमच्या गावात वर्ग नव्हते. अमेरिकेत येल विद्यापीठात शिकवणारे स्टॅन्ली मॅकँडलेस यांनी १९३२ साली मांडलेली पद्धत मला पुढे मुंबईत एका शिबिरात कळली: नटाच्या दोन बाजूंनी, पंचेचाळीस अंशांच्या कोनातून दोन दिवे, एक उबदार रंगाचा आणि एक थंड, म्हणजे चेहऱ्याला गोलाई येते. पद्धत उत्तम आहे, पण त्यातला थंड रंग म्हणून सतरा नंबर लावला की आपल्याकडच्या सावळ्या चेहऱ्यावर राख फासल्यासारखी छटा येते, हे शिबिरात कोणी सांगितले नाही. अण्णा त्या जागी छत्तीस लावत, फिका जांभळा. त्या कागदाची गंमत अशी आहे, की उबदार दिव्याशेजारी तो थंड दिसतो आणि निळ्याशेजारी उबदार. घरातल्या एखाद्या समंजस वहिनीसारखा तो कोणाच्याही बाजूला बसवता येतो. कोलकात्यात तापस सेन यांनी १९५९ साली उत्पल दत्तांच्या 'अंगार' नाटकात कोळशाच्या खाणीत चढत जाणारे पाणी निव्वळ उजेडाने दाखवले होते, ही हकिकतही त्याच शिबिरात ऐकली. मी परत येऊन ती अण्णांना सांगितली तेव्हा त्यांनी एकच विचारले, की पाण्याला निळा वापरला होता का, आणि मला उत्तर देता आले नाही.

निळ्यावर त्यांचा राग होता तसा जीवही होता. मी एकदा त्यांना म्हटले, की खरे चांदणे काही निळे नसते. शास्त्र सांगते, की चंद्राचा उजेड म्हणजे परावर्तित सूर्यप्रकाशच, आणि चंद्राची माती तो किंचित तांबूस करूनच परत पाठवते. मग रात्र निळी कोणी ठरवली? याचे उत्तर डोळ्यात आहे. योहानेस पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे टिपले होते, की उजेड कमी होत गेला की लाल फुले आधी काळवंडतात आणि निळी-हिरवी पाने बराच वेळ उजळ राहतात. अंधारात पाहण्याचे काम डोळ्यातल्या ज्या पेशींकडे जाते त्यांना तांबडे जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे रात्र निळी नसते, रात्री पाहणारा डोळा निळ्याकडे झुकलेला असतो. रंगमंचावर तर खरा अंधार करून चालत नाही, कारण शेवटच्या रांगेतल्या माणसालाही नटाचे डोळे दिसले पाहिजेत. तेव्हा उजेड भरपूर ठेवायचा आणि अंधारात डोळ्याला जे वाटले असते ते कागदाने आयते करून द्यायचे. अण्णांना हे मी बरेच तपशिलाने समजावले. ते म्हणाले, "म्हणजे कागद प्रेक्षकाच्या डोळ्यातच लावायचा, आपण नाइलाजाने दिव्याला लावतो." मला वाटते, मी दहा मिनिटे जे सांगत होतो ते यात आले.

आता दिव्यांत एलईडी आले आहेत आणि रंगासाठी कागदाची गरज सरत चालली आहे. निळ्याने तिथेही सगळ्यांना रडवलेच. लाल एलईडी १९६२ साली तयार झाला, पण कामाला येईल असा तेजस्वी निळा मिळायला १९९० चे दशक उजाडावे लागले, आणि तो मिळवून देणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. ती बातमी वाचली त्या दिवशी अण्णा हयात असते तर त्यांना नक्की फोन केला असता. आजचा एलईडी निळा गार राहतो, फिका पडत नाही, निम्म्यावर आणला तरी निळाच असतो, आणि घरगुती पंख्याएवढी वीज खाऊन अख्खी रात्र करतो. लाइटवाल्या मुलांच्या बोटांवर फोड येत नाहीत, ही काही लहान गोष्ट नाही. माझी तक्रार एवढीच आहे, की अनेक नाटकांत रंग आता ठरवले जात नाहीत, ते फिरवले जातात. टचस्क्रीनवर एका बोटाने तालमीत शंभर निळे पाहता येतात, म्हणून प्रयोगाच्या दिवशीही कोणता निळा ते पक्के झालेले नसते. आणि दुसरे असे, की साधा दिवा विझत जाताना तांबूस होई, त्यामुळे प्रत्येक प्रसंग संपताना नकळत थोडी संध्याकाळ होत असे. एलईडी विझतो तेव्हा तो नुसता कमी होतो. ती संध्याकाळ हवी असेल तर आता वेगळी सांगून ठेवावी लागते आणि ती आणणारे मोजके जाणकार आहेतही.

अण्णांची खतावणी त्यांच्या मुलाने मला दिली, त्याला दहा-बारा वर्षे झाली. मी ती कपाटात वरच्या खणात ठेवली होती. गेल्या दिवाळीत माझी नात आकाशकंदील करायला बसली आणि तिच्याकडचा निळा कागद अपुरा पडला, म्हणून मी खतावणी खाली काढली. हात पुसले, पंखा बंद केला. वीस नंबरचा एकच तुकडा त्यात उरला होता, टाचणीच्या भोकांच्या ओळी असलेला, मध्ये जवळजवळ पांढरा पडलेला. नातीने तो खिडकीशी धरला आणि विचारले, "आजोबा, हा मधून धुतला का?" मी तिला कडा दाखवल्या. पत्र्याच्या चौकटीखाली झाकलेली बोटभर पट्टी चारही बाजूंनी दुकानातून आणल्यासारखी निळी होती. ती चार पट्ट्या कापून मागू लागली. मी मधला भाग सांभाळून तिला पट्ट्या कापून दिल्या. तिने त्या कंदिलाच्या खालच्या कडेला चिकटवल्या, आणि एका पट्टीच्या टोकाला बॉलपेनने लिहिलेली 'अंगण, रात्र' ही अक्षरे बाहेरच्या बाजूला येतील अशी काळजी घेतली.